१०४ विरुद्ध ६ : बहुमत बेलापुरात, अधिकार मंत्रालयात

२५ ऑक्टोबर २०१६ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेच्या बेलापुरातल्या सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव संमत केला. बाजूने १०४ मतं, विरोधात ६. सभागृह १११ जणांचं. विधानसभेत मुख्यमंत्र्यांविरुद्ध इतकं एकतर्फी मतदान झालं असतं, तर राजीनामा राज्यपालांकडे पोहोचायला वेळ लागला नसता. बेलापुरात तसं काही घडलं नाही. राज्य सरकारने ठराव निलंबित केला, आयुक्त पदावर राहिले आणि त्यांची बदली झाली ती थेट मार्च २०१७ मध्ये, पुण्याच्या पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या प्रमुखपदी.

वाशीत राज्यशास्त्र शिकवताना सत्ताविभाजनाचा धडा आला की मी हेच प्रकरण घेते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि तिथली काँग्रेस यांची उदाहरणं पुस्तकात भरपूर असतात. पण ती परीक्षेपुरती पाठ होतात आणि निकालाबरोबर विसरलीही जातात. बेलापूरचं प्रकरण ऐकलं की वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला येतो : मग १०४ जणांच्या मताला किंमत काय? या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर देता येत नाही आणि ‘सरकारने लोकशाही गुंडाळली’ असंही देता येत नाही. त्यासाठी एका अधिनियमाच्या तीन-चार कलमांत आणि राज्यघटनेच्या एका नोंदीत डोकावावं लागतं.

सभागृह आणि आयुक्त

एप्रिल २०१५ च्या निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसचे ५२, शिवसेनेचे ३८, काँग्रेसचे १०, भाजपचे ६ आणि अपक्ष ५ असे नगरसेवक निवडून आले. राष्ट्रवादीने काँग्रेसच्या साथीने महापौर बसवला. वर्षभराने, मे २०१६ मध्ये, मुंढे आयुक्त म्हणून रुजू झाले. अनधिकृत बांधकामांवर हातोडा, फेरीवाल्यांवर कारवाई, कर्मचाऱ्यांना शिस्त आणि सकाळी उद्यानात नागरिकांना भेटण्याचा ‘वॉक विथ कमिशनर’ हा उपक्रम, या सगळ्याची शहरात चर्चा सुरू झाली. नगरसेवकांची तक्रार वेगळी होती. आयुक्त आम्हाला विश्वासात घेत नाहीत, लोकप्रतिनिधींचा मान ठेवत नाहीत, मनमानी करतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

शहरही एका सुरात बोलत नव्हतं. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने आखलेल्या नोडमधल्या (वसाहतींमधल्या), सेक्टरमधल्या बऱ्याच रहिवाशांना आयुक्त हवेसे वाटत होते. गावठाणांत चित्र निराळं होतं. नवी मुंबई वसवण्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांची कुटुंबं वाढत गेली, गावठाणाची हद्द वाढली नाही, आणि लोकांनी लागेल तशी घरं बांधली. त्यांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ती नियमित करण्याचा प्रश्न कित्येक वर्षं लोंबकळत पडला आहे. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी बघून सेक्टरातला माणूस टाळ्या वाजवतो आणि गावठाणातला घरातल्यांना फोन लावतो. नगरसेवक निवडून यायचा तो दोघांच्याही मतांवर, पण गावठाणातला मतदार त्याच्या दारात रोज उभा असतो. ठरावामागची सगळी कारणं उदात्त होती असं मी म्हणणार नाही. ती सगळी हलकी होती असंही नाही.

पक्षांचं गणित मात्र बघण्यासारखं आहे. शिवसेना तेव्हा राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती. बेलापुरात तिने विरोधातल्या राष्ट्रवादीच्या खांद्याला खांदा लावून आयुक्तांविरुद्ध मत दिलं. ठरावाच्या विरोधात गेले ते भाजपचे सहा. आणि ज्या नगरविकास खात्याकडे ठरावाची पुढची वाट जाणार होती, ते खातं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

कायदा कुणाला काय देतो

नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक या सगळ्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. हा १९४९ चा कायदा. जुने लोक अजून त्याला ‘बीपीएमसी’ म्हणतात, कारण पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई प्रांतिक’ होतं. बृहन्मुंबईला तिचा स्वतंत्र, १८८८ चा कायदा आहे.

या अधिनियमात ‘महापालिका’ म्हणजे निवडून आलेलं सभागृह. त्याच्याबरोबरीने कायदा इतरही प्राधिकरणं उभी करतो. त्यांतली महत्त्वाची दोन म्हणजे सोळा सदस्यांची स्थायी समिती आणि आयुक्त. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. आयुक्ताला सभागृहाने अधिकार दिलेले नसतात. ते कलम ६७ ने त्याला थेट कायद्याकडून मिळतात. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. धोरण, कर आणि अंदाजपत्रकाची अंतिम मंजुरी सभागृहाकडे. कंत्राटं आणि पैशांवर रोजची नजर स्थायी समितीकडे. आणीबाणीच्या वेळी आयुक्ताला स्थायी समितीची वाट न बघता काम करता यावं म्हणून ६७(३)(क) आहे. पालिकेच्या टिप्पण्यांत हे कलम वारंवार भेटतं.

एक साधी फाइल घेऊ. समजा, घणसोलीत एका सेक्टरमध्ये दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. नगरसेवक सभागृहात ओरडतो, पत्र देतो, विभाग कार्यालयात जाऊन बसतो. विभागाचा अभियंता जागेवर जाऊन माप घेतो, अंदाजपत्रक करतो. फाइल कार्यकारी अभियंत्याकडून शहर अभियंत्याकडे, तिथून लेखा विभागाकडे आणि शेवटी आयुक्तांकडे जाते. आयुक्तांची सही झाली की निविदा. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर कंत्राट देण्याचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतो. समिती तो मंजूर करेल, फेटाळेल किंवा पुढच्या सभेवर ढकलेल. आता यात नगरसेवकाची सही कुठे आहे ते शोधा. स्थायी समितीतल्या सोळांत तो असला तर शेवटच्या टप्प्यावर त्याचं एक मत. एरवी त्याच्या हातात आहे ते बोलणं, विचारणं, अडवणं आणि अंदाजपत्रकाच्या वेळी त्या कामाला तरतूद करून घेणं. पण शेजारणीला तो सांगतो, ‘ताई, गटार मी करून देतो.’ ताईही तेच धरून मत देतात. फाइल अडली की रोष येतो तो त्याच्यावर, आणि तो रोष घेऊन तो सभागृहात जातो.

सभागृहात आयुक्त व्यासपीठावर, महापौरांच्या शेजारी बसतो. त्याला बोलता येतं, खुलासा करता येतो. मत देता येत नाही, प्रस्तावही मांडता येत नाही. म्हणजे जिथे त्याच्यावर चर्चा होते तिथे तो हजर असतो, पण त्या सभागृहाचा सदस्य नसतो. संसदेत मंत्री उत्तर देतो तेव्हा समोर बसलेल्यांच्या बहुमतावर त्याची खुर्ची टिकलेली असते. आयुक्ताची खुर्ची टिकते ती मंत्रालयात.

कलम ३६ प्रमाणे आयुक्त नेमतं राज्य सरकार. याच कलमात सभागृहाला एक हत्यार दिलेलं आहे : एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलावण्याची तरतूद. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण संख्येच्या पाच-अष्टमांश. १११ चे पाच-अष्टमांश म्हणजे ६९.३७५, अर्थात किमान ७० मतं. बेलापुरात १०४ पडली, गरजेपेक्षा ३४ जास्त. नगरसेवकांच्या मते त्या क्षणी विषय संपला होता. सरकारने फक्त आदेश काढायचा बाकी होता.

पण त्याच अधिनियमात पुढे कलम ४५१ आहे. महापालिकेचा कोणताही ठराव कायद्याविरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा असेल, त्यामुळे शांतताभंग होण्याची, लोकांना किंवा लोकांच्या एखाद्या वर्गाला हानी वा उपद्रव होण्याची, किंवा महापालिकेच्या पैशांचा अपव्यय होण्याची शक्यता असेल, असं राज्य सरकारचं मत झालं, तर लेखी आदेशाने त्या ठरावाची अंमलबजावणी निलंबित करण्याचा अधिकार हे कलम सरकारला देतं. एका कलमाने सभागृहाच्या हाती दिलेलं दुसऱ्या कलमाने सरकारला थांबवता येतं. आणि आयुक्त नेमणारं, परत बोलावणारं, ठराव थांबवणारं कार्यालय एकच.

हा घाट आला कुठून

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. केंद्रात तीच गोष्ट अनुच्छेद ७५(३) मध्ये. आपल्याकडे कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यात भिंत अशी नाहीच. मंत्री हा सभागृहाचाच माणूस असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये राम जवाया कपूर प्रकरणात हे सांगितलं होतं : आपली घटना सत्ताविभाजनाचं तत्त्व अगदी काटेकोरपणे स्वीकारत नाही, पण निरनिराळ्या अंगांची कामं तिने पुरेशी वेगळी केली आहेत. (तो खटला पंजाबात शालेय पाठ्यपुस्तकं सरकारने छापावीत की खासगी प्रकाशकांनी, यावरून उभा राहिला होता. मोठी तत्त्वं बहुतेकदा अशा किरकोळ दिसणाऱ्या भांडणांतून येतात, हे मुलांना सांगायला मला आवडतं.)

गंमत अशी की दिल्लीत आणि मंत्रालयात जे काटेकोर विभाजन नाही, ते महापालिकेत आहे. इथे कार्यकारी प्रमुख सभागृहाचा सदस्य नाही आणि सभागृहाच्या विश्वासावर त्याचं पद अवलंबून नाही. ही रचना घटनाकारांनी केलेली नाही. ती वसाहतकाळातली आहे. मुंबईत आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना १८६० च्या दशकात शहर बदललं आणि खर्चाचा डोंगरही झाला. त्यावरून वादळ उठलं, करदात्यांना प्रतिनिधित्व मिळालं. १८८८ च्या कायद्यात, ज्याच्या घडणीत फिरोजशाह मेहता यांचा मोठा हात होता, महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी घडी पक्की झाली. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती ठेवायचा आणि त्याच्यावर निवडून आलेल्यांची नजर ठेवायची, ही कल्पना. परक्या सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यावर रयतेच्या प्रतिनिधींचा लगाम म्हणून त्या काळात ती मोठीच मिळकत होती. सरकार आपलं झालं, आणि १९४९ च्या कायद्याने तीच घडी इतर शहरांना लावली.

बदलून पाहण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला महापौर परिषद आणली गेली, म्हणजे महापौर आणि त्याचे सहकारी हेच शहराचं मंत्रिमंडळ. प्रयोग वर्षभरातच गुंडाळला गेला. कोलकात्यात मात्र ती पद्धत १९८० च्या कायद्याने आली आणि रुजली. म्हणजे भारतीय घटनेला ही पद्धत चालत नाही, असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्राने ती ठेवली नाही, एवढंच.

यादीत नसलेला तिसरा भिडू

संघराज्यात अधिकार वाटले जातात ते सातव्या अनुसूचीतल्या तीन याद्यांनी : संघ, राज्य आणि समवर्ती. महापालिकेची चौथी यादी नाही. राज्यसूचीतल्या पाचव्या नोंदीत ‘स्थानिक शासन’ आहे, आणि त्यात महानगरपालिकांची रचना व अधिकार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे महापालिका हा राज्याच्या अधिकाराचा विषय आहे. ज्याला अधिकार वाटले गेले असा पक्ष ती नाही. दिल्ली आणि मुंबई भांडल्या तर सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १३१ खाली पंच म्हणून बसतं. मुंबई आणि बेलापूर भांडले तर तशी सोय घटनेत नाही.

मूळ घटनेत शहरांबद्दल फारसं काही नव्हतंच. मार्गदर्शक तत्त्वांतला अनुच्छेद ४० ग्रामपंचायतींचा उल्लेख करतो, नगरपालिकांचा करत नाही. ती उणीव भरली ७४ व्या घटनादुरुस्तीने. १ जून १९९३ पासून ती लागू झाली आणि घटनेत भाग नऊ-क आला. पाच वर्षांची मुदत, ती संपण्याआधी निवडणूक, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि अठरा विषयांची बारावी अनुसूची. नगररचनेपासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंत, पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीपर्यंत सगळं त्या अठरांत आहे. विद्यार्थी ती यादी पाठ करतात आणि समजतात की हे महापालिकेचे अधिकार. अनुच्छेद २४३-डब्ल्यू च्या भाषेत मात्र मेख आहे : राज्य विधानमंडळ कायद्याने असे अधिकार देऊ शकेल. देईलच असं नाही.

नवी मुंबईत ही मेख डोळ्यांना दिसते. १ जानेवारी १९९२ रोजी महापालिका अस्तित्वात आली तेव्हा सिडकोला बावीस वर्षं होत आली होती. जमीन सिडकोची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक जमीन एमआयडीसीची. रेल्वे केंद्राची, पोलीस राज्याचे. मोरबे धरणासारखी स्वतःच्या मालकीची गोष्ट या पालिकेकडे आहे आणि तिचा तिला रास्त अभिमान आहे. पण सेक्टरमधला एखादा मोकळा भूखंड मैदान म्हणून राहणार की त्याची विक्री होणार, हे ठरवणारं कार्यालय बहुतेक वेळा दुसरंच असतं. अशा शहरात नगरसेवकाचे हात आधीच आखडलेले असतात. त्यात आयुक्तही त्याला जुमानेनासा झाला की त्याच्याकडे उरतं ते कलम ३६.

निलंबन योग्य होतं का

इथे वर्गात नेहमी गोंधळ होतो, कारण चर्चा लगेच ‘मुंढे चांगले की वाईट’ यावर घसरते. मी तो फलकच पुसून टाकते. आयुक्त कार्यक्षम असेल, प्रामाणिक असेल, लोकांना हवासा असेल. तरी सभागृहाने कायद्यातल्या संख्येने ठराव केला असेल तर पुढे काय व्हावं, हा प्रश्न त्याच्या गुणांवर अवलंबून नाही. उलटही खरं. उद्या एखादा आळशी, बेफिकीर आयुक्त असेल आणि सभागृह त्याला हटवू पाहत असेल, तर तीच कलमं तशीच लागतील.

आता कलम ४५१ ची कारणं एकेक करून या ठरावाला लावून पाहा. बेकायदेशीर? ज्या ठरावाची तरतूद त्याच अधिनियमात आहे आणि जो सांगितलेल्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त मतांनी झाला, त्याला बेकायदेशीर म्हणणं अवघड. पैशांचा अपव्यय? आयुक्त बदलल्याने तिजोरी रिकामी होत नाही. शांतताभंग? फार ताणलेलं होईल. उरतं ‘लोकांना हानी किंवा उपद्रव’. तेवढ्याच एका खुंटीवर हा निर्णय टांगता येतो. सरकारच्या बाजूने बोलायचं तर युक्तिवाद असा होईल : अनधिकृत बांधकामांवर कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ती कारवाई झोंबणाऱ्यांनी एकत्र येऊन घालवलं, तर पुढचा अधिकारी हातोडा उचलणारच नाही, आणि त्याची किंमत शहर मोजेल. हा युक्तिवाद पोकळ नाही. मला त्यातली काळजी पटते.

तरीही निर्णय मला पटत नाही. पाच-अष्टमांशाची अट कायद्याने याच भीतीपोटी घातली आहे. साधं बहुमत पुरेसं असतं तर ५६ मतांत काम झालं असतं; कायदा ७० मागतो, म्हणजे एका पक्षाच्या रागाने आयुक्त जाऊ नये याची तजवीज तिथेच केलेली आहे. बेलापुरात एकमेकांविरुद्ध लढलेले तीन पक्ष एकत्र आले. त्यानंतरही ‘लोकांना उपद्रव’ हे मोघम कारण पुरत असेल, तर कलम ३६ मधल्या त्या वाक्याचा उपयोग सरकारला जेव्हा आयुक्त नकोसा असेल तेव्हाच होणार, आणि तेव्हा सरकार ठरावाशिवायही बदली करू शकतंच. सरकारने आयुक्ताला परत बोलावून त्याच्याइतकाच कडक दुसरा अधिकारी पाठवला असता, तर सभागृहाचा अधिकार राहिला असता आणि हातोडाही थांबला नसता. तसं करायला कायद्याची कुठलीच आडकाठी नव्हती.

नगरसेवकांनाही एक प्रश्न विचारायला हवा. अंदाजपत्रक तुमच्या हातात, लेखापरीक्षकाचे अहवाल स्थायी समितीपुढे येतात, प्रत्येक ठरावाला उपसूचना देता येते. आयुक्ताच्या कुठल्या निर्णयाने कुठला नियम मोडला, हे लेखी मुद्द्यांनी इतिवृत्तात नोंदवलेलं असतं, तर निलंबनाचा आदेश लिहिणाऱ्याला प्रत्येक मुद्द्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मान राखला नाही, ही तक्रार माणूस म्हणून समजते. शासकीय आदेशात ती दोन ओळींत उडवता येते.

दिघ्याची बाजू

या सगळ्यात न्यायालय कुठे आहे, असं कुणीतरी विचारतंच. ते होतं, फक्त शेजारच्या प्रकरणात. नवी मुंबईतल्याच दिघ्यात एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर ९० हून अधिक अनधिकृत इमारती उभ्या राहिल्याचा विषय जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये पाडकाम सुरू झालं. पैसे मोजून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर येण्याची वेळ आली. राज्य सरकारने अशी बांधकामं नियमित करण्याचं धोरण आणलं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही : प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा जे करू देत नाही, ते मंत्रिमंडळाच्या धोरणाने करता येत नाही. मग सरकार विधानमंडळात गेलं आणि २०१७ मध्ये त्या कायद्यात कलम ५२-अ घालण्यात आलं. त्यालाही आव्हान दिलं गेलं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण त्याखालच्या नियमांतला काही भाग रद्द केला.

सत्ताविभाजन शिकवायला याहून नेटका क्रम मला अजून सापडलेला नाही. कार्यकारी मंडळाचं धोरण कायद्यापुढे पडलं, कायदेमंडळाने कायदाच बदलला, न्यायालयाने तो कायदा घटनेच्या आणि नियम कायद्याच्या कसोटीवर लावले. तिन्ही अंगांनी आपापलं काम केलं. फक्त बघा, या साखळीत बेलापूरच्या सभागृहाला जागाच नाही. दिघा त्यांच्या हद्दीत, तिथले लोक त्यांचे मतदार, आणि निर्णय झाले उच्च न्यायालय, मंत्रालय आणि विधान भवन यांच्यात.

आणि मग सभागृहच नाही

२०१५ च्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. करोनाच्या साथीमुळे निवडणूक लांबली आणि महापालिकेवर प्रशासक आला, म्हणजे आयुक्तच. अनुच्छेद २४३-यू सांगतो की पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात हे बजावूनही सांगितलं होतं. पण साथ ओसरली तोवर ओबीसी आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी प्रकरणात न्यायालयाने तिहेरी चाचणीची, म्हणजे असं आरक्षण देण्याआधी तीन अटी पूर्ण करण्याची, अट पुढे केली. मार्च २०२२ मध्ये राज्याने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेणारा कायदा केला. सरकार बदललं, नगरसेवकांची संख्या वाढवणारा आधीचा निर्णय फिरला, आणि ऑगस्ट २०२२ च्या ‘जैसे थे’ आदेशाने सगळं गोठलं. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पुढे मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, २८ प्रभागांत, पुन्हा १११ जागांसाठी.

या साडेपाच वर्षांत तो घणसोलीचा गटाराचा प्रस्ताव कसा फिरला असेल? आयुक्त म्हणून त्याने प्रस्ताव पाठवला, स्थायी समिती म्हणून त्यानेच मंजूर केला, सर्वसाधारण सभा म्हणून त्यानेच अंदाजपत्रकाला मान्यता दिली. एकाच माणसाच्या तीन सह्या. कामं झाली, काही तर झटपट झाली, आणि सेक्टरातल्या अनेकांना फरक जाणवलाही नाही. ‘नगरसेवक नव्हते तेच बरं होतं’ असं मी भाजी घेताना ऐकलेलं आहे. पण प्रशासकाला प्रश्न विचारायला जागा उरली नव्हती. लोक निवेदनं द्यायचे, पोच घ्यायचे आणि वाट बघायचे. उत्तर आलं नाही तर सभागृहात उठून विचारणारं कुणी नव्हतं.

२०१६ मध्ये आयुक्ताविरुद्ध जवळजवळ अख्खं सभागृह होतं आणि २०२० नंतर सभागृहच नव्हतं. दोन्ही वेळा आयुक्ताचे अधिकार जिथून येत होते ती जागा बदलली नाही.

नव्या सभागृहापुढे आता ते करार आहेत जे प्रशासकाच्या काळात झाले आणि ज्यांच्या मुदती अजून चालू आहेत. सभागृह निवडून आलं म्हणून करार संपत नाही. ते वाचायचे, लेखापरीक्षकाचे त्या काळातले आक्षेप मागवायचे, स्थायी समितीत एकेका कंत्राटावर लेखी प्रश्न टाकायचे आणि उत्तर इतिवृत्तात येतं की नाही ते पाहायचं. यासाठी ७० मतं लागत नाहीत. एका नगरसेवकाला सुरू करता येतं, आणि यातलं काहीही कलम ४५१ खाली निलंबित करता येईल असं मला तरी दिसत नाही.